नाव मोडलेला गुंड

सोयाबीन निघालं, गंज्या लागल्या, मळणीचा धुरळा शेताशेतांतून उठून आमच्या वाशीमच्या गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांवर येऊन बसला, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. मग मी पदर खोचते आणि घरातल्या सगळ्यांशी भांडायला लागते. आमचे सुधाकरराव त्या दिवसांत चहा घेतला की जे बाहेर पडतात, ते जेवायलाच उगवतात. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना ओळीत उभं केलं. निवृत्त झाले म्हणून ती सवय जाते थोडीच! आता मी डबे ओळीत उभे करते.

हा ऋतू मला नाकाने आणि कानाने कळतो. ओल्या चुन्याचा वास, माळ्यावरून खाली काढलेल्या गाद्यांचा वास, आणि दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी. "मोड असंन तं काढा बाईऽऽ, तांबं, पितळ, मोड!" ही आरोळी वर्षभर येत असते, पण दिवाळीच्या तोंडावर ती ऐकली की माझ्या हातातलं काम एक क्षण थांबतं. दरवर्षी थांबतं. का थांबतं, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. यंदा सांगावं लागलं.

त्याचं असं झालं, की आमच्या मधुराचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मधुरा माझी मुलगी. नवा फ्लॅट घेतलाय, त्यात बैठकीच्या खोलीचा एक कोपरा तिला ‘भरायचा’ आहे. "आई, तुमच्याकडे जुनं पितळ असेल ना गं? मोठी भांडी? इथे लोक अक्षरशः वेडे झालेत त्याच्यासाठी. एखादी कळशी मिळाली ना, तर तिच्यात मी सुकलेली फुलं ठेवीन."

मी म्हटलं, "नाही बाई. सगळं स्टील."

खाटेवरून आवाज आला, "होता. गुंड होता माहा."

माझी माय. तीन वर्षांपासून ती माझ्याकडे असते, जऊळक्याजवळचं गाव सोडून आलीय. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, पण कान शाबूत. वाकडं बोललेलं तर दोन खोल्या पलीकडूनही ऐकू जातं. कळशीला आमच्याकडे गुंड म्हणतात, पितळेचा, गळ्याशी आवळलेला, पोटात फुगलेला. मी फोन घाईघाईने बंद केला. विषय तिथंच मिटावा म्हणून डबे जोरात आपटले. पण माय आज बोलायच्या रंगात होती.

"बापानं नव्हता देला तो," ती म्हणाली. "आन् तुह्या बापानंही नाई. मी घेतला होता."

"तू कशी घेशीन? तू तं तेव्हा पोरगी."

"पोरगी होती म्हनूनच तं. पूरा हंगाम कापूस वेचला. आमच्या वावरात नाई, दुसऱ्याच्या. पयल्या दिवशी सितादही केलं मालकिणीनं, झाडाले दहीभात देला, आन् मी मनातल्या मनात म्हनलं, या हंगामाचं मी माहं काहीतरी घेईन. बोंडाईनं बोटं फाटली. मजुरी मायजवळ ठेवत गेलो. मंग कारंज्याच्या बाजारात जाऊन गुंड घेतला. दुकानदार म्हने, नाव काय टाकू पोरी, बापाचं? म्हनलं, बापानं वेचला का कापूस? शेवंता टाक."

आमच्या वऱ्हाडात बाया स्वतःबद्दल बोलताना ‘मी गेलो, मी ठेवलो’ असंच बोलतात. पण त्या दिवशी मायच्या तोंडचं ते ‘मी’ मला वेगळंच ऐकू आलं. एकसष्ट वर्षं मी तिची मुलगी आहे. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. आणि तो गुंड मोडीत गेला, तो माझ्या हाताने गेला.

तेच सांगायचंय.

माझ्या लग्नाच्या वर्षीची दिवाळी. डीएड झालं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. तूर फुलावर होती, वेचणी चालू होती, गावात घराघरांतून निळीचा हात दिलेल्या भिंती वाळत होत्या. आणि गावात स्टील आलं होतं. शेजारच्या मंदीला आंदणात स्टीलचा पूर्ण संच मिळाला, तेव्हा अंगणात मांडलेल्या त्या भांड्यांवरून ऊन उसळून समोरच्यांच्या छपरावर पडलं होतं. बाया रांगेने जाऊन ताटात आपापली तोंडं पाहून आल्या. मीही पाहून आले. मला माझं तोंड त्यात फार आवडलं.

पितळेचा मला राग होता आणि तो खरा राग होता. दहा वर्षांची असल्यापासून चिंच आणि राख घेऊन मी तो गुंड घासत आले होते. थंडीत बोटांच्या पेरांत चिंच जायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. आज सोन्यासारखा चकचकीत, चार दिवसांनी पुन्हा काळा ठिक्कर. मी मायला सांगून टाकलं, "मले आंदणात एकही पितळ नको. मी नोकरी करनार हाओ, घासत नाई बसनार."

एक गोष्ट मात्र त्या पितळेने मला दिली होती, ती म्हणजे मान. गावात लग्न असलं की पंगतीसाठी घराघरांतून भांडी यायची. जेवणं उरकली की अंगणात हा ढीग पडायचा, परातींचा, गंगाळांचा, गुंडांचा, आणि कोणतं कोणाचं ते बायांना कळायचं नाही, कारण कोणालाच वाचता यायचं नाही. मग बोलावणं यायचं मला. "ए मास्तरीन, ये, नावं सांग." मी फ्रॉक सावरून ढिगावर उभी राहायची आणि एकेक भांडं उलटंपालटं करून वाचायची. श्री. अमुक. श्री. तमुक यांजकडून भाचीस. कै. फलाणे यांचे स्मरणार्थ. सगळे पुरुष. त्या सगळ्या पुरुषांत एकच भांडं असं होतं, की ज्यावर पुढे-मागे काहीही नव्हतं. नुसतं ‘शेवंता’. मी मोठ्याने वाचायची आणि माय पुढे होऊन गुंड उचलायची, कमरेवर घ्यायची, चालायला लागायची. शंभर वेळा वाचलं असेल. हे असं एकटं नाव का, हे मी एकदाही विचारलं नाही. आपण वाचायला शिकतो आणि काय शिकतो, देव जाणे.

मायला अक्षर येत नव्हतं, पण ते एक नाव तिला बोटाने वाचता यायचं. टिंबं टिंबं ठोकून काढलेलं नाव असायचं ते, हाताला लागायचं. विहिरीवर अंधार असला, चार बायांचे गुंड शेजारी शेजारी ठेवलेले असले, तरी ती गळ्याखाली बोट फिरवायची आणि आपला उचलायची. मला ते गमतीचं वाटायचं.

तर त्या दिवाळीत मी आणि माय गोणपाटात पितळ बांधून एसटीने कारंज्याला गेलो. गोणपाट टपावर, आम्ही आत. भांड्यांच्या ओळीत त्या वेळी एक जुनं, मोठं दुकान होतं. मोड घ्यायची, तोलायची, बदल्यात स्टील द्यायचं, असा व्यवहार. मालकाने एकेक भांडं तपासून तराजूशी मांडलं. शेवटी गुंड ठेवला.

"ही नावं मोडून द्या अगोदर," तो म्हणाला. "आमी दुसऱ्याच्या नावाले हात लावत नाई. ज्याच्या घरचं नाव, त्यानंच मोडावं."

रीतच होती ती. लग्नाकार्यांत भांडी इकडची तिकडे होत. उद्या कोणी येऊन ‘हे माझं, तू घेतलंच कसं’ म्हणू नये, म्हणून घरच्या माणसाने दुकानदारासमोर हातोडीने नाव चेपायचं. तेवढ्याने ते भांडं परकं व्हायचं. बाकीच्या भांड्यांवर माझ्या बापाचं, आजोबांचं नाव होतं, ती मायने स्वतः पटापट मोडली. गुंडाची वेळ आली तेव्हा तिने हातोडी माझ्या हातात दिली.

"तू मोड. तुले स्टील पायजे ना."

मी काय केलं असेल? एकवीस वर्षांची, डोळ्यांत स्टील भरलेलं. मी गुंड आडवा धरला, पायाने दाबला आणि तीन घाव घातले. पहिल्यात ‘शे’ गेला. दुसरा चुकून बाजूला पडला. तिसऱ्यात उरलेलं सगळं आत गेलं. आवाज असा घुमला की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. मी हसले सुद्धा. माय दुकानदाराला म्हणाली, "पानी द्या थोडंसं," आणि प्यायली. त्यानंतर चाळीस वर्षांत ती त्यावर चकार शब्द बोलली नाही.

आणि मी कोणतं स्टील घेतलं? डबे, टाकी, ताटं. दुकानदार म्हणाला, नाव काय टाकू? मी लाजत लाजत होणाऱ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. पुढे नोकरी लागली. पहिल्या पगारातून कुकर घेतला. नाव काय टाकू? सुधाकर. मिक्सरचं भांडं, पाण्याचा पिंप, दळणाचा डबा, सगळं माझ्या पगारातलं, सगळ्यांवर सुधाकर. त्यांनी कधी मागितलं नाही हो, बिचाऱ्यांना कुकर कुठे ठेवलेला असतो हेही ठाऊक नाही. माझ्याच तोंडून निघायचं. त्या दिवशी मायची गोष्ट ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि माझ्याच ओट्यावरची नावं वाचत उभी राहिले. माझी मलाच लाज वाटली.

मग ठरवलं. गुंड शोधायचा.

"चाळीस वर्षांनी?" सुधाकरराव म्हणाले. "येडी झाली का तू? त्या पितळेचे आतापावेतो नळ झाले असतीन. कोनाच्या तरी मोरीत बसले असतीन."

"असतीन तं असतीन. पाहून येतो."

"आन् ओळखशीन कसा?"

"तीन घाव हायेत त्याच्यावर. माह्या हातचे. एक चुकलेला. मले दाखवा, मी ओळखतो."

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माय मात्र खाटेवरून उतरून चपला शोधायला लागली होती. मी म्हटलं, "तू कुठं? गुडघे पाहा तुहे." ती म्हणाली, "गुंड काय गुडघ्यानं वयखाचा आहे?" तिच्यापुढे मी कधी जिंकले नाही, त्या दिवशीही नाही.

वाशीम ते कारंजा, मंगरूळपीरवरून. माझं अर्धं तिकीट, तिचं फुकट. वाहकाने तिचं कार्ड पाहून परत दिलं तेव्हा ती ताठ बसली, सरकारने आपल्याला खास बोलावल्यासारखी. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती. सोयाबीन काढलेली रानं उघडी पडली होती, मध्येच एखाद्या कपाशीच्या पट्ट्यात बाया ओटी बांधून वाकलेल्या दिसत होत्या. माय खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती आणि तिची बोटं मांडीवर नकळत वेचल्यासारखी हलत होती. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. चाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी डोळ्यांत स्टील घेऊन गेले होते. तेव्हा ही बोटं माझ्या शेजारीच होती.

कारंजा बदललं आहे आणि नाही. वेशीच्या कमानी उभ्या आहेत, त्यांच्याखालून ऑटोरिक्षा हॉर्न वाजवत जातात. जैन मंदिरांच्या गल्ल्यांत तशीच सावली, धान्याच्या आडत्यांपुढे तशीच पोती. ते जुनं दुकान शोधत गेलो तर तिथे काचेचं मोठं शोरूम. मालक तरणाबांड. मी त्याला गुंडाची गोष्ट सांगायला लागले, तो मध्येच म्हणाला, "अँटिक पायजे ना मावशी? या, आहे ना!" आणि आत नेऊन त्याने काळपट गुंडांची रांगच दाखवली. मी एक उचलला. आतून नवाकोरा, कारखान्यातून परवा आलेला. बाहेरून कसलंतरी रसायन लावून काळा केलेला.

"हा जुना?" मी विचारलं.

"जुन्यासारखा आहे. लोकाईले तेच पायजे."

मायने काठीने त्या गुंडाला टिचकी दिल्यासारखं केलं. "मेला जन्मला आन् म्हतारा झाला," ती म्हणाली आणि बाहेर पडली. पोरगा ओशाळला बिचारा. त्यानेच मग सांगितलं, की खरं जुनं बघायचं असेल तर पोहा वेशीकडच्या गल्लीत युसूफभाईंकडे जा, त्यांचे वडील कल्हई करायचे.

बारा वाजले होते. मायला वेशीजवळ ज्वारीची भाकर आणि झुणका खाऊ घातला, तिला दहा पावलांवर एकदा बसवलं, आणि पोचलो.

युसूफभाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत जायला जागा नाही इतकं सामान. दारांच्या कड्या, पितळी कुलपं, पानाचे डबे, एक मुका रेडिओ, शेर-पायलीची मापं, समया, घंटा. युसूफभाई सत्तरीचे, पांढरी दाढी, स्टुलावर बसून एका अडकित्त्याला तेल देत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, हातोडीसकट. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाही हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

"देखो बाई," ते म्हणाले, "मोडीचं पितळ भट्टीत जाते. नव्व्यान्नव टक्के. पन आमचे अब्बा होते ना, त्याईले भट्टी सहन होत नव्हती. जिंदगीभर लोकाच्या भांड्याले कल्हई केली, आन् तेच भांडं गळताना पाह्यचं? मंग कधी कधी दुकानदाराकडून तोलून परत घेऊन यायचे. अम्मी रागवायची, घरात पाय ठेवायले जागा नाई. मागच्या खोलीत आहे ते सगळं. तुमी पाहा."

मागची खोली. एका छोट्या खिडकीतून येणारा उजेड, आणि त्यात गुंडांची उतरंड, भिंतीपासून भिंतीपर्यंत. साठ असतील, ऐंशी असतील. मी पदर खोचला. एकेक खाली घ्यायचा, गळ्याखाली उजेडात धरायचा, फिरवायचा, बाजूला ठेवायचा. सगळ्यांवरचं नाव मोडलेलं. काही एका घावात, काही दहा घावांत. एकावर इतके घाव होते की मोडणाऱ्याचा त्या नावावर राग असावा. एकावर अगदी हलकेच ठोकलं होतं, नाव अर्धं वाचता येत होतं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. लहानपणीची ती पंगतीनंतरची मास्तरीण आठवली मला, ढिगावर उभी राहून नावं सांगणारी. आता सांगायला नावच नव्हतं कोणावर.

मध्ये मधुराचा फोन. कॅमेऱ्यातून खोली दिसल्यावर ती किंचाळलीच. "आई गं! तो मागचा पीस दाखव! तो नाही, तो! काय पॅटिना आहे, काय जुना रंग चढलाय!" मी म्हटलं, "नंतर कर," आणि ठेवून दिला.

आणि मग, सर्वांत खालच्या थरात, तो मिळाला. तीन घाव. दोन आत, एक बाजूला चुकलेला. मी तो खिडकीशी नेला.  तोच. तोच होता. मला दुकान आठवलं, घुमलेला आवाज आठवला, पायाखालचा त्याचा गोलावा आठवला. मी ओरडले, "माय! सापडला!"

युसूफभाई उठून आले. माय स्टुलावर बसली होती, मी गुंड तिच्या मांडीवर दिला. तिने तो कुशीत घेतला. मग काठी धरून उभी राहिली आणि कमरेवर ठेवला. हात त्याच्या गळ्याभोवती गेला. चाळीस वर्षं झाली तरी शरीर विसरत नाही, तिची पाठसुद्धा सरळ झाली क्षणभर. मग तिने हात आत घातला, तळाशी बोटं फिरवली.

"हा नाई," ती म्हणाली.

"अवं पाह्य नीट! तीन घाव हायेत! हा चुकलेला पाह्य!"

"घाव तुहे असतीन. गुंड माहा नाई. माहा पयल्याच दिवशी विहिरीच्या थारोळ्याच्या दगडावर आपटला होता, आतून बुडाले पोचा होता. याले नाई."

"पोचा निघला असंन. ठोकून काढला असंन कोनी."

"माह्या कमरेले हा बसत नाई, निर्मले."

"माय, मी सांगतो ना, हाच आहे!"

मी भांडले तिच्याशी. खरंच भांडले, परक्या माणसासमोर, डोळ्यांत पाणी आणून. मला तो तोच असायला हवा होता. दिवसभर मी त्याच्यासाठी फिरले नव्हते हे मला तेव्हा कळलं. मी फिरले होते ते घातलेले तीन घाव परत घ्यायला. माय माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने ती एक गोष्ट केली जी ती फार क्वचित करते. माझ्या काळ्या हातावर आपला हात ठेवला.

"तुले वाटते म्हनून तो माहा होते का?" ती म्हणाली. "माहा गेला. मी हातोडी तुह्या हातात देली तेव्हाच गेला. राग आला होता मले तुहा, म्हनून देली. म्हनलं, पाहू, पोरगी इचारते का कोनाचं नाव ते. तू नाई इचारलं. मंग मीही नाई सांगतलं. तुही चूक आन् माहा हट्ट, दोन्ही भट्टीत गेले. आता कायले रडतं?"



तिने गुंड पुन्हा हातात घेतला, तीन घावांवरून बोट फिरवलं. "हाही कोन्या बाईचा असंन. तिच्या पोरीलेही स्टील पायजे असंन." मग युसूफभाईंना म्हणाली, "भाऊ, हा आमी नेतो. किती देऊ ते सांगा. आन् नाव टाकता का तुमी?"

"मशीन नाई माझ्याकडे अम्मा. समोरच्या चौकात मशीनवाला आहे, दोन मिनिटात करते."

"मशीनचं हाताले लागत नाई. छिन्नीनं टाकता का?"

युसूफभाई आत गेले. मग आतून एक कापडी गुंडाळी घेऊन आले. अब्बांची हत्यारं. बारीक छिन्नी, छोटी हातोडी. गुंडाला पोत्यावर बसवलं, चष्मा लावला. पैसे मायने दिले, कमरेच्या पिशवीतून. मी पर्स उघडली तर तिने काठी माझ्या पर्सवर ठेवली.

"बोला," ते म्हणाले. "नाव काय टाकू?"

"शेवंता," मी म्हणाले.

"कायले?" माय म्हणाली. "मी काय आता पानी भरतो? इचं टाका. ही नेनार आहे."

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोला बाई. नाव?"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सुधाकर..."

"सुधाकरनं उचलला का गुंड?" माय कडाडली. "दिवसभर कोन हात काळे करून राह्यलं? सुधाकर?"

युसूफभाई पहिल्यांदा हसले. मीही हसले, रडत रडत हसले, आणि मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदाराला म्हणाले, "निर्मला टाका. नुसतं निर्मला."

"पुढं काई?"

"पुढं काई नाई."

टक, टक, टक. मोडलेल्या जागेच्या बरोबर वर, गळ्याखाली, एकेक टिंब उमटायला लागलं. बाहेर गल्लीत कोणीतरी आकाशकंदील टांगत होतं. तेवढ्यात मधुराचा फोन पुन्हा वाजला. मी तो मायकडे दिला. मधुरा विचारत होती, तो पीस माझ्यासाठीच ना? माय फोनमध्ये जोरात म्हणाली, "हा नाई भेटत. तुले पायजे तं तू ये आन् तुहा घे. नाव सांगता येते ना तुले तुहं?"  मधुरा म्हणाली, "येते आजी."

युसूफभाईंनी पितळेचा बारीक चुरा फुंकरीने उडवला, गुंड पुसला आणि मायपुढे धरला. तिने तर्जनी टेकवली. पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत हळूहळू नेली. पुन्हा मागे आणली. पुन्हा नेली. ओठ हलत होते तिचे.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, माय."

"बरं झालं," ती म्हणाली. "बोटाले लवकर पाठ होईन."